लाकडी पृष्ठभाग आणि खोलीतला खर्ज: काय, कुठे आणि कसे बसवावे

खोलीत लाकूड वापरले की आवाजाला गोडवा येतो, हा समज संगीत ऐकणाऱ्यांमध्ये आणि घर सजवणाऱ्यांमध्येही पक्का रुजलेला आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. एकाच जातीच्या आणि एकाच जाडीच्या लाकडाने एका खोलीतला खर्ज उणावतो, तर दुसऱ्या खोलीत त्याचा तसूभरही परिणाम होत नाही. हा फरक लाकडाच्या जातीतून किंवा रंगातून येत नाही. ते भिंतीला घट्ट चिकटवलेले आहे की मागे हवा राखून भिंतीपासून काही अंतरावर बसवलेले आहे, यावर तो अवलंबून असतो. म्हणून खर्ज, म्हणजेच बेस, सुधारण्यासाठी लाकूड वापरायचे असेल, तर ‘लाकडामागे काय आहे’ हा प्रश्न आधी सोडवावा आणि ‘कोणते लाकूड’ हा नंतर.

याचे कारण तरंगलांबीत आहे. २० अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्यामुळे १०,००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०,००० कंपनांच्या, तीव्र स्वराची तरंगलांबी सुमारे ३.४ सेंटीमीटर भरते, तर ५० हर्ट्झच्या खर्जाची जवळजवळ ७ मीटर. लाकडावरच्या रेषा, रंध्रे, पॉलिश या गोष्टी मिलिमीटरच्या घरातल्या आहेत. त्यांचा थोडाफार संबंध पोहोचतो तो वरच्या पट्टीपर्यंत. ७ मीटर लांबीच्या तरंगाला त्यांचा पत्ताही लागत नाही. त्याच्या दृष्टीने भिंत म्हणजे दाब देऊन पाहण्याची एक वस्तू असते. ती वस्तू जड आणि ताठ असेल तर जवळजवळ सगळी ऊर्जा खोलीत परत येते. ती पातळ आणि मोकळी असेल तर दाबाबरोबर मागेपुढे हलते आणि त्या हलण्यात लाकडाच्या अंतर्गत घर्षणामुळे ऊर्जेचा काही भाग उष्णतेत बदलतो. आणखी काही भाग पलीकडच्या बाजूला निघून जातो. खोलीच्या हिशेबात तेही शोषणच, शेजाऱ्यांच्या हिशेबात मात्र नाही.

ध्वनिशास्त्राच्या प्रचलित तक्त्यांतले आकडे हेच दाखवतात. पृष्ठभागावर पडलेल्या ऊर्जेपैकी किती भाग परत येत नाही, हे शोषण गुणांक सांगतो. ० म्हणजे काहीच शोषले गेले नाही आणि १ म्हणजे सगळे. १२५ हर्ट्झला काँक्रीटवर चिकटवलेल्या लाकडी फरशीचा गुणांक ०.०४ च्या आसपास असतो, तुळयांवर ठोकलेल्या तख्तपोशीचा (फळ्यांच्या जमिनीचा) ०.१५ च्या आसपास, आणि मागे पोकळी ठेवलेल्या १० मिलिमीटर प्लायवूडचा ०.२८ च्या आसपास. ४,००० हर्ट्झला हेच तीन पृष्ठभाग ०.०७ ते ०.११ मध्ये येऊन बसतात. म्हणजे मोकळे लाकूड खर्ज खाते आणि वरचे स्वर बहुतांशी परत देते. काँक्रीटवर अंथरलेल्या जाड गालिच्याचे याच्या नेमके उलट असते: १२५ हर्ट्झला ०.०२ आणि ४,००० हर्ट्झला ०.६५. गालिचे, पडदे आणि पातळ फोम यांनी भरलेली खोली बोजड का घुमते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. तिथे वरचे स्वर गिळले जातात आणि खर्ज होता तितकाच मागे उरतो. खिडकीची साधी काचही १२५ हर्ट्झला ०.३५ पर्यंत जाते, कारण तीही पातळ आणि हलणारी आहे. एरवी काचेला कोणी बेस शोषणारी वस्तू म्हणणार नाही.

मोठ्या सभागृहांचे दाखले इथे अनेकदा चुकीच्या अर्थाने दिले जातात. व्हिएन्नाचे १८७० मधले म्युझिकफेराइन हे संगीत सभागृह लाकडामुळे गाजते असे ऐकायला मिळते. प्रत्यक्षात त्याच्या भिंतींचा मोठा भाग गिलाव्याचा आहे. ध्वनिशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांच्या सल्ल्याने १९०० मध्ये उभारलेल्या बोस्टन सिम्फनी हॉलच्या श्रोतृगृहाच्या भिंतीही प्रामुख्याने गिलाव्याच्याच आहेत. हजारो घनमीटरच्या सभागृहात खर्ज टिकवून धरावा लागतो, म्हणून तिथे मोठ्या क्षेत्रावर पातळ लाकडी तावदाने लावणे घातक ठरते. घरातल्या छोट्या खोलीत अडचण उलटी असते. तिथे खर्ज कमी नसतो. तो काही ठराविक वारंवारतांवर अतोनात साचतो. त्यामुळे सभागृहाला जे अपायकारक, तेच छोट्या खोलीला औषध ठरू शकते.

खोली आधी ओळखावी

समांतर भिंतींमध्ये आवाजाचे स्थिर तरंग तयार होतात आणि त्यातला सर्वांत खालचा तरंग सहज काढता येतो: ३४३ ला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागावे. ४.२ मीटर लांब, ३.३ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच खोलीत लांबीमुळे ४१, रुंदीमुळे ५२ आणि उंचीमुळे ६१ हर्ट्झ येतात. त्यांच्या पटीतल्या वारंवारता आणि दोन-तीन दिशांचे मिश्र तरंगही असतात, पण सुरुवातीला हे तीन आकडे पुरतात. या वारंवारतांवर खोलीच्या काही जागी आवाज फुगतो आणि काही जागी जवळजवळ नाहीसा होतो. लांबीच्या पहिल्या तरंगाचा दाब खोलीच्या बरोबर मध्यावर शून्याजवळ जातो, म्हणून ऐकण्याची खुर्ची मध्यावर असेल तर ती आधी हलवावी. या एका कृतीने जे साधते, ते कधी कधी मागे पोकळी ठेवलेल्या चार लाकडी पॅनेलांनीही साधत नाही.

त्यानंतर मोजमाप करावे. रूम ईक्यू विझार्ड हा विनामूल्य प्रोग्राम आणि एक साधा मापनाचा मायक्रोफोन एवढ्यावर काम भागते. स्पीकरमधून २० हर्ट्झपासून चढत जाणारा स्वर वाजवावा आणि मायक्रोफोन ऐकण्याच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवावा. वारंवारतेच्या आलेखाबरोबर आवाज विझायला किती वेळ लागतो हे दाखवणारा वॉटरफॉल आलेखही काढावा. ज्या वारंवारतेवर शिखर उंच आहे आणि त्याचे शेपूटही लांब आहे, ती खोलीची खरी दुखरी जागा. नुसते शिखर इक्वलायझरने खाली आणता येते. लांब शेपूट मात्र खोलीतली ऊर्जा खर्च केल्याशिवाय नीट आटोक्यात येत नाही, आणि लाकडी पॅनेलचे काम तेच आहे.

खोलीत आधीपासून असलेले लाकूडही याच वेळी तपासून घ्यावे. बोटाच्या पेराने किंवा मुठीच्या मऊ बाजूने प्रत्येक पृष्ठभागावर ठोकून पाहावे. टणक, कोरडा, लगेच संपणारा आवाज आला तर ते लाकूड भिंतीशी एकजीव आहे आणि खर्जासाठी ते भिंतच आहे. ‘ढब’ असा खोल आवाज आला तर मागे पोकळी आहे आणि तो पृष्ठभाग आपल्या परीने बेस शोषतो आहे. कपाटाची मोठी दारे, पोकळ दरवाजे, पलंगाचे खोके हे सगळे यात येते. ठोकल्यावर आवाज रेंगाळला किंवा खडखडला, तर तो पृष्ठभाग घेतलेली ऊर्जा आवाज बनवून परत देतो आहे. असे दार किंवा फळी आधी घट्ट करावी, सांध्यात फेल्टचे तुकडे घालावेत, मगच पुढचा विचार करावा. संथ चढत्या स्वरात अचानक एखादी ‘झर्रर्र’ ऐकू आली तर तिथेच थांबून, तोच स्वर चालू ठेवून हाताने एकेक वस्तू दाबून पाहावी. दोषी वस्तू हात ठेवताच गप्प होते.

पॅनेलचे गणित

मोकळ्या फळीमागची बंद हवा स्प्रिंगसारखी वागते आणि फळी हे त्या स्प्रिंगवरचे वजन असते. या जोडीची एक आवडती वारंवारता असते, आणि तिथेच शोषण सर्वाधिक होते. ती काढण्यासाठी फळीचे दर चौरस मीटरचे वजन किलोग्रॅममध्ये आणि पोकळीची खोली मीटरमध्ये घ्यावी, दोन्हींचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढावे आणि ६० ला त्या संख्येने भागावे. ६ मिलिमीटर प्लायवूडचे वजन दर चौरस मीटरला साधारण ३.६ किलो धरले आणि मागे १० सेंटीमीटर पोकळी ठेवली, तर गुणाकार ०.३६, वर्गमूळ ०.६ आणि उत्तर १०० हर्ट्झ येते. पोकळी ५ सेंटीमीटर केली की तेच १४१ हर्ट्झवर चढते. खाली उतरायचे असेल तर मुख्य मार्ग दोनच: फळीचे वजन वाढवावे किंवा पोकळीची खोली वाढवावी.

प्लायवूडचे वजन प्रकारानुसार बरेच बदलते, म्हणून तक्त्यावर विसंबण्यापेक्षा तावच वजनकाट्यावर तोलावा. २.४४ बाय १.२२ मीटरच्या तावाचे क्षेत्रफळ जवळजवळ २.९८ चौरस मीटर असते, ताव १०.७ किलो भरला तर दर चौरस मीटरला ३.६ किलो. हातात ताव घेऊन केवळ अंदाज बांधला तर पुढचे सगळे गणित घसरते.

खूप खाली जाण्यासाठी जाड प्लाय वापरावासा वाटतो, पण जाडीबरोबर ताठपणा झपाट्याने वाढतो आणि वरचे सूत्र फळी लवचीक आहे असे गृहीत धरते. माझ्या मते पातळ प्लायच्या मागच्या बाजूला जड, लिबलिबीत रबरी किंवा डांबरी शीट चिकटवणे हा अधिक खात्रीचा उपाय आहे. त्याने वजन वाढते, ताठपणा फारसा वाढत नाही आणि शीटच्या अंतर्गत घर्षणामुळे ऊर्जा अधिक खर्च होते.

पोकळीत रॉकवूल किंवा ग्लासवूल (दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंची लोकर) भरले तर शोषणाचा पट्टा रुंदावतो, मात्र शिखर थोडे बुटके होते आणि वारंवारता खाली सरकते. पूर्ण भरलेल्या पोकळीसाठी सूत्रात ६० ऐवजी ५० धरण्याची पद्धत आहे. आपल्या उदाहरणातल्या खोलीच्या ५२ हर्ट्झसाठी याचा उपयोग असा होतो. ३.६ किलोचा प्लाय आणि ४ किलोची शीट मिळून ७.६ किलो होतात. पोकळी १५ सेंटीमीटर ठेवली तर गुणाकार १.१४ आणि वर्गमूळ सुमारे १.०७ येते. ६० ने उत्तर ५६ हर्ट्झ येते, ५० ने ४७ हर्ट्झ. पोकळी अर्धवट भरली की प्रत्यक्ष आकडा या दोहोंच्या मध्ये, म्हणजे आपल्याला हव्या त्या जागेच्या आसपास पडतो.

बांधणी

चौकटीसाठी १८ मिलिमीटर जाडीच्या आणि १५ सेंटीमीटर रुंदीच्या फळ्या घ्याव्यात आणि १.२ बाय ०.६ मीटरचे खोके करावे. यापेक्षा लहान आकार टाळावा. दोन आधारांमधले अंतर अर्ध्या मीटरहून कमी झाले की फळी आपल्या ताठपणामुळे हलेनाशी होते आणि गणिताशी तिचा संबंध राहत नाही. याच कारणाने मध्ये आडवी रीप घालू नये. सुताराला हे आधीच समजावून सांगावे, कारण मजबुतीसाठी मधला आधार देणे हा त्याच्या हाताचा धर्म आहे आणि इथे नेमका तोच आधार नको असतो.

चौकटीचे कोपरे डिंक आणि स्क्रू दोन्हींनी जोडावेत. मागच्या बाजूला १२ किंवा १८ मिलिमीटरचा ताठ प्लाय लावावा, किंवा भिंत सपाट असेल तर भिंतीलाच मागची बाजू मानावे. खोके हवाबंद असणे ही या कामातली सर्वांत महत्त्वाची अट आहे. हवेला निसटायला फट मिळाली की स्प्रिंग उरत नाही आणि पॅनेल नुसती सजावट होऊन बसते. म्हणून आतल्या प्रत्येक सांध्यावरून न कडकणाऱ्या सीलंटची सलग रेघ ओढावी, आणि भिंतीवर बसणाऱ्या कडेखाली मऊ रबराची पट्टी द्यावी. भरलेल्या सांध्याजवळ ओला हात फिरवून पुढचा प्लाय हलकेच दाबला तर सुटणारी हवा बोटाला कळते. अशी हवा लागली तर तिथे पुन्हा सीलंट भरावे.

रॉकवूल मागच्या बाजूला ७ ते १० सेंटीमीटर जाडीत बसवावे आणि पुढच्या फळीला ते टेकणार नाही याची काळजी घ्यावी. टेकले तर फळीची हालचाल जागीच दबते. ते सरकू नये म्हणून आडव्या सुतळ्या किंवा पातळ जाळी ताणावी. हे काम हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच करावे, कारण त्याचे तंतू कातडीला आणि घशाला त्रास देतात. रबरी शीट प्लायच्या आतल्या बाजूला पूर्ण पृष्ठभागावर चिकटवावी, मात्र चौकटीवर टेकणारी कड मोकळी सोडावी. नंतर पुढचा प्लाय चौकटीच्या कडेवर सर्व बाजूंनी, दर १५ सेंटीमीटरवर एक स्क्रू देऊन, सीलंटसह बसवावा. बाहेरून व्हिनियर किंवा पॉलिश काहीही चालते. खर्जाला त्याने फरक पडत नाही. फक्त जाड लॅमिनेट लावले तर त्याचे वजन आणि ताठपणा हिशेबात घ्यावा.

ओल असलेल्या भिंतीवर असे बंद खोके लावू नये. मागे बुरशी धरते आणि ती दिसेपर्यंत लाकूड खराब झालेले असते.

जागा आणि प्रमाण

पॅनेल तिथेच काम करते जिथे त्या वारंवारतेचा दाब जास्त असतो. रुंदीच्या तरंगासाठी बाजूच्या भिंती, लांबीच्या तरंगासाठी पुढची व मागची भिंत आणि उंचीच्या तरंगासाठी छत, अशी निवड करावी. खोलीच्या कोपऱ्यांत सगळ्याच स्थिर तरंगांचा दाब सर्वाधिक असतो, म्हणून संभ्रम असेल तर सुरुवात कोपऱ्याला लागून असलेल्या भिंतीपासून करावी.

किती लावावे, याचा कच्चा अंदाज सॅबिन यांच्या सूत्राने येतो: खोलीचे घनफळ ०.१६१ ने गुणून एकूण शोषणाने भागले की आवाज विझण्याचा काळ सेकंदांत मिळतो. आपल्या उदाहरणातल्या खोलीचे घनफळ सुमारे ३८.८ घनमीटर आणि सर्व पृष्ठभाग मिळून जवळपास ७० चौरस मीटर. भिंती, छत, जमीन सगळे पक्के आणि खोली रिकामी, असे धरून गुणांक ०.०२ घेतला तर शोषण फक्त १.४ चौरस मीटर आणि काळ साडेचार सेकंद येतो. वर सांगितलेल्या मापाची सहा पॅनेले म्हणजे ४.३ चौरस मीटर. त्यांचा गुणांक ०.४ धरला तर शोषणात १.७ ची भर पडते आणि काळ दोन सेकंदांवर उतरतो. दारे, खिडक्या, कपाटे यांच्यामुळे प्रत्यक्ष खोलीत सुरुवातीचा आकडा बराच कमी असतो, शिवाय छोट्या खोलीत इतक्या खालच्या वारंवारतेला हे सूत्र काटेकोर लागू पडत नाही. तरीही एखादे पॅनेल लावून काही होणार नाही, एवढे यातून स्पष्ट कळते.

छिद्रांचे, पट्ट्यांचे आणि जमिनीचे लाकूड

छिद्रे पाडलेल्या फळीचे तत्त्व वेगळे आहे. तिथे फळी हलत नाही, छिद्रातली हवा हलते. हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा अनुनादक तो हाच. ६ मिलिमीटर फळीत ६ मिलिमीटर व्यासाची छिद्रे क्षेत्रफळाच्या २ टक्के असतील आणि मागे १० सेंटीमीटर पोकळी असेल, तर शोषण २३० हर्ट्झच्या आसपास केंद्रित होते. छिद्रे १ टक्क्यावर आणली तर १६५ हर्ट्झवर. पुरुषी आवाज ज्या भागात जाड वाटतो त्या भागासाठी हा उपाय उत्तम, ५० हर्ट्झसाठी मात्र तो सहसा बेताच्या जाडीच्या पोकळीत बसत नाही.

फेल्टवर उभ्या लाकडी पट्ट्या चिकटवलेली तयार पॅनेले अलीकडे फार दिसतात. ती थेट भिंतीवर लावली तर मध्यम आणि वरच्या स्वरांची झळाळी कमी करतात, बेसला हात लावत नाहीत. मागे ४ ते ५ सेंटीमीटरच्या रिपा मारून मधल्या जागेत रॉकवूल भरले तर त्यांची पोहोच बरीच खाली सरकते, तरी घुमणारा खर्ज त्यांच्या आवाक्याबाहेरच राहतो. बेससाठी म्हणून ती विकत घेऊ नयेत.

वरच्या स्वरांच्या बाबतीत लाकडाची खरी किमया ते स्वर विखुरण्यात आहे. ध्वनिशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या संख्याक्रमाने खाचा केल्या तर आवाज शोषला न जाता अनेक दिशांना पसरतो. ७ या मूळ संख्येसाठी क्रम ०, १, ४, २, २, ४, १ असा येतो. १,००० हर्ट्झपासून काम हवे असेल तर क्रमातल्या १ या आकड्याच्या खाचेची खोली २.४५ सेंटीमीटर, म्हणजे ४ ची सर्वांत खोल खाच ९.८ सेंटीमीटर. अशी खाचांची फळी मागच्या भिंतीवर लावावी आणि तिच्यापासून किमान दोन मीटर दूर बसावे.

जमिनीबाबत एवढेच: काँक्रीटवरच्या लाकडी फरशीचा बेसशी संबंध नाही, पण तुळयांवरच्या तख्तपोशीचा आहे. अशा जमिनीवर सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर) थेट ठेवल्यास जमीनच वाजू लागते आणि ते शोषण राहत नाही, दुसरा स्पीकर होतो. तिथे सबवूफरखाली जड फरशी आणि तिच्याखाली मऊ रबराचे पाय द्यावेत.

पुन्हा मोजणे

सहाही पॅनेले एकदम लावू नयेत. दोन लावून मायक्रोफोन पहिल्याच जागी ठेवावा आणि त्याच आवाजपातळीवर मोजावे. जागा बोटभर हलली तरी चालेल, वीतभर हलली तर तुलना निरर्थक होते. शेपूट आखूड झालेले दिसले तर उरलेली लावावीत. ते जसेच्या तसे राहिले आणि शेजारच्याच एखाद्या वारंवारतेवर थोडा फरक दिसला, तर पॅनेल नेम चुकले आहे. त्याची नेमकी वारंवारता शोधण्यासाठी फळीच्या मध्यावर चिमूटभर बारीक वाळू पसरता येईल असे ते आडवे ठेवावे, स्पीकर जवळ आणावा आणि स्वर संथपणे चढवावा. फळी जिथे सर्वाधिक हलते तिथे वाळू उडू लागते. हा आकडा हवा त्यापेक्षा वर असेल तर पुढच्या प्लायच्या मागे शीटचा आणखी एक थर द्यावा. खाली असेल तर मध्यभागातली काही शीट कापून काढावी, पुन्हा सीलंट करून खोके बंद करावे आणि उरलेली चार पॅनेले या सुधारलेल्या मापाने बनवावीत.